आठ दिवसांचं मिशन आणि आमच्या गच्चीवरचा रेडिओ

सुनीता विल्यम्स नऊ महिने स्पेस स्टेशनवर होत्या त्या काळात आमच्या गच्चीवर काय काय चाललं होतं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना त्या मिशनमधल्या तीनच गोष्टी आठवतात, त्या गेल्या, अडकल्या आणि परत आल्या. मधले सगळे महिने कोणाच्या खिजगणतीतच नाहीत आणि खरं मिशन तर तेच होतं असं माझं ठाम मत आहे. मला ते जे काही कळलं ते हॅम रेडिओमुळे, म्हणजे लायसन घेऊन हौसेखातर वायरलेसवर बोलण्याच्या छंदामुळे, आणि हॅम रेडिओकडे मी वळले ते मुंबईच्या पावसामुळे.

झालं असं की ५ जून २०२४ ला बोइंगच्या स्टारलायनर यानातून बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स निघाले, मिशन साधारण आठ दिवसांचं, आणि माझ्या मुलीला तेव्हा नुकतंच कळलं होतं की स्टेशन नुसत्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीण वगैरे काही लागत नाही. ती मागेच लागली, आई आपण बघूया ना त्या वर असताना. मी मुलुंडवरून कधी जातं त्याच्या वेळा काढल्या, वॉचमनकडून गच्चीची चावी घेऊन ठेवली आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. मुलुंडला पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, एकदा का तिकडून ढग यायला लागले की आकाश नावाची गोष्ट सप्टेंबरपर्यंत विसरायची. आठ दिवस संपले तरी आम्हाला काही दिसलं नाही, आणि त्याही परत आल्या नाहीत.

आमच्याच सोसायटीत बी विंगला एक काका राहतात, मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी प्रत्येक मोठ्या बोटीवर मॉर्स वाजवणारा एक माणूस असायचा, १ फेब्रुवारी १९९९ पासून सगळीकडे सॅटेलाइटवाली नवीन सिस्टीम पूर्णपणे लागू झाली आणि ती पोस्टच गेली. काकांकडे हॅमचं लायसन कित्येक वर्षांपासूनचं आहे, घरात एक खोली नुसती रेडिओंनी भरलेली. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मी सहज म्हटलं की काका, पाऊस काही बघू देत नाही, तर म्हणाले, "अगं मग बघतेस कशाला, ऐक ना. ढगातून नजर जात नाही, व्हीएचएफ, म्हणजे हा रेडिओचा सिग्नल, आरामात जातो."

मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की स्टेशनवर हॅम रेडिओ आहे. १९८३ मध्ये ओवेन गॅरियट या अंतराळवीराने कोलंबिया शटलमधून पहिल्यांदा जमिनीवरच्या हॅम लोकांशी गप्पा मारल्या, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. स्टेशनच्या अमेरिकन बाजूचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, एनए१एसएस, रशियन बाजूचा आरएस०आयएसएस, आणि सुनीता स्वतःसुद्धा लायसनवाल्या हॅम आहेत, त्यांचा कॉलसाइन केडी५पीएलबी. हे ऐकल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही, म्हणाले, "म्हणजे आपल्यातलीच की!" काकांनी आयुष्यभर शॉर्टवेव्हवर काम केलं होतं, सॅटेलाइटच्या वाटेला कधी गेले नव्हते, त्यामुळे पासच्या, म्हणजे स्टेशन आपल्यावरून जाण्याच्या, वेळा, कोन, दिशा हे माझ्याकडे आणि रेडिओ, वायर, सोल्डरिंग त्यांच्याकडे अशी वाटणी आपोआप झाली.

अँटेना आम्ही घरीच केली. स्टेशनचा आवाज ज्यावर येतो त्या १४५.८०० मेगाहर्ट्झला अर्धी वेव्हलेंग्थ जवळपास एक मीटर तीन सेंटिमीटर भरते, त्या हिशोबाने स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे कापायचे, पाण्याच्या पीव्हीसी पाइपवर क्लॅम्पने बसवायचे, मागचा तुकडा थोडा लांब, पुढचा थोडा आखूड, मधल्या तुकड्याचे दोन भाग करून त्याला केबल जोडायची, झाली तीन तुकड्यांची यागी, म्हणजे एका दिशेला रोखून धरायची अँटेना. टेपची फायद्याची गोष्ट म्हणजे ती दुमडते, जिन्याच्या छोट्या दारातून गच्चीवर नेताना वाकते आणि वर गेल्यावर टण्णकन सरळ होते. पाइप कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून, केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून. काका माझ्याबरोबर आले होते, आणि सत्तरी ओलांडलेला माणूस तिथल्या दुकानात प्रत्येक कनेक्टर हातात घेऊन, पिन भिंगाखाली बघून, त्यातून एक निवडत होता. टेपला सोल्डर पकडत नाही, आधी पॉलिश पेपरने वरचा पिवळा रंग पूर्ण घासून काढावा लागतो, हे कोणी करणार असेल तर लक्षात ठेवा, तिथेच सगळ्यांचा वेळ जातो.

आता स्टेशन कसं ऐकायचं ते सांगते. ते साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून तासाला २८,००० किलोमीटरच्या वेगाने जातं, दीड तासात पृथ्वीची एक चक्कर. म्हणजे बरोब्बर डोक्यावर असेल तेव्हा ते आपल्याला रस्त्याने सावंतवाडी जेवढी लांब त्यापेक्षा जवळ असतं, फक्त वरच्या दिशेला. मुंबईहून दिवसाला पाच-सहा वेळा ते क्षितिजाच्या वर येतं पण त्यातले एक-दोनच पास चांगले उंच असतात, बाकीचे बिल्डिंगांच्या मागूनच निघून जातात. उंच पास रेडिओवर जास्तीत जास्त दहा मिनिटं. या वेळा रोज थोड्या थोड्या अलीकडे सरकतात आणि दोनेक महिन्यांत सगळं घड्याळ फिरून येतं, त्यामुळे काही आठवडे संध्याकाळी, काही आठवडे पहाटे, काही आठवडे भर ऑफिसच्या वेळेत. मी नोकरी करते, भांडुपला ऑफिस आहे म्हणून निभावलं, चर्चगेटला असतं तर जमलंच नसतं.

पहिला खरा आवाज आला तो रशियन भाषेत. जुलैचे दिवस, पाऊस थांबलेला पण गच्चीवर पाणी साचलेलं, काका लिफ्ट रूमच्या पत्र्याखाली खुर्ची टाकून रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले आणि मी अँटेना धरून वायव्येकडे तोंड करून उभी. डोंगरामुळे आमच्याकडे त्या दिशेचा पास उशिरा सुरू होतो, नुसती खरखर, खरखर, आणि मग अचानक त्या खरखरीतून एक माणूस बोलायला लागला, इतका स्पष्ट की जणू शेजारच्या बिल्डिंगमधून बोलतोय. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. तो थोडं बोलायचा, मग शांतता, मग परत बोलायचा. ती शांतता म्हणजे समोरचा प्रश्न विचारत असणार, तिकडे रशियातली कुठली तरी मुलं असतील, त्यांचा आवाज आम्हाला येणं शक्यच नव्हतं कारण ती जमिनीवर आणि हजारो किलोमीटर लांब. स्टेशन एका वेळी चारही बाजूंना जवळजवळ २,२०० किलोमीटरपर्यंत दिसतं, म्हणजे ते अफगाणिस्तानच्या आसपास असताना रशियाचा दक्षिण भाग आणि मुंबई दोन्ही त्याच्या नजरेच्या टप्प्यात. एकदा तो हसला. बाकी काही नाही, नुसता हसला, समोरच्या मुलाने काहीतरी विचारलं असेल. मग स्टेशन पूर्वेला गेलं आणि आवाज खरखरीत विरला. माझे हात इतके भरून आले होते की अँटेना खाली ठेवताना बोटं उघडेनात.

त्या दिवसापासून माझ्यासाठी बातम्या बदलल्या. वर माणसं आहेत, त्यांची सकाळ-संध्याकाळ आहे हे माहीत असणं वेगळं आणि त्यातला एक हसताना ऐकणं वेगळं. मी मिशनच्या रोजच्या कामांबद्दल वाचायला लागले. स्टारलायनर स्टेशनजवळ जाताना त्याच्या २८ थ्रस्टरपैकी, म्हणजे दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांपैकी, पाच बंद पडले होते आणि हेलियम गळत होता, हे सगळ्यांनी ऐकलं, पण हे किती जणांना माहीत आहे की निघायच्या आधी या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवून त्या जागी एक पंप नेला होता? स्टेशनवर लघवीचं पाणी शुद्ध करून परत प्यायला वापरतात, एकूण पाण्यातलं ९८ टक्क्यांपर्यंत पाणी परत मिळवण्याची मजल त्यांनी २०२३ मध्ये गाठली, आणि त्याच यंत्रणेतला पंप बिघडला होता. आठ दिवसच तर जायचंय, स्टेशनवरचे जास्तीचे कपडे वापरू, म्हणून गेले, आणि मग ऑगस्टमध्ये सामानाचं यान गेलं त्यातून त्यांचे कपडे पोचले. दोन महिने बाई दुसऱ्यांच्या कपड्यांत काम करत होती आणि आपल्याकडे रोज चर्चा चालू होती की त्या रडत असतील का.

रोज दोनेक तास व्यायाम करावाच लागतो, पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून ट्रेडमिलवर पळायचं, कारण वजनच नसल्यामुळे हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. सुनीतांनी तर २००७ मध्ये त्याच स्टेशनवर ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉन पूर्ण पळून दाखवली होती. स्टेशनचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. मी डबा खाताना विचार करायचे की आता वर कामाला सुरुवात झाली असेल.

काकांना या सगळ्याचं अप्रूप वाटत नव्हतं, त्यांना ते ओळखीचं वाटत होतं. एकदा चहा पिताना म्हणाले की बोटीवर माझं कॉन्ट्रॅक्ट दोनदा वाढलं, बदली माणूस वेळेवर आला नाही की वाढतंच, आणि तेव्हा बोटीवरच्या माणसाला वाईट कमी वाटतं, घरच्यांना जास्त. "मला वॉचची ड्युटी होती, काम होतं, चार तास कानाला हेडफोन. तुझ्या काकूला काय होतं? तारीख. ती तारीख गेली की तिच्याकडे काहीच नाही." काकू आत पोहे करत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तारीख नव्हे, तुमची तार. तार आली की मला पुरे होतं." त्यावर काका काही बोलले नाहीत.

२४ ऑगस्टला नासाने जाहीर केलं की स्टारलायनर रिकामं परत आणणार. ७ सप्टेंबरला आपल्याकडे शनिवार सकाळ, आणि गणेश चतुर्थी, घरात प्रतिष्ठापनेची गडबड, आणि ते यान न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात व्यवस्थित उतरलं, आत कोणी नाही. व्यवस्थित उतरलं म्हणून बरेच जण म्हणाले की मग उगाच थांबवलं. मला तसं अजिबात वाटत नाही. खात्री नसताना माणसं बसवायची नाहीत हा निर्णय यान नीट उतरल्यामुळे चुकीचा ठरत नाही. पुढचं यान, स्पेसएक्सचं ड्रॅगन, २८ सप्टेंबरला गेलं ते चारऐवजी दोनच माणसं घेऊन, निक हेग आणि अलेक्झांडर गोर्बुनोव्ह, दोन सीट या दोघांसाठी मोकळ्या. ज्या दोघी त्या सीटवरून जाणार होत्या, झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन, त्या खाली राहिल्या, त्यांच्याबद्दल आपल्याकडे कोणी एक ओळ लिहिली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तोपर्यंत सुनीता स्टेशनच्या कमांडर झाल्या होत्या, ओलेग कोनोनेन्कोंनी सूत्रं त्यांच्याकडे दिली, आणि हे कोनोनेन्को म्हणजे सगळ्या फेऱ्या मिळून १,१११ दिवस अंतराळात राहिलेला माणूस. कमांडर झालेल्या माणसाला अडकलेला कसं म्हणायचं मला कळत नाही.

दरम्यान मी परीक्षेचा फॉर्म भरला होता. काकांच्या रेडिओवर त्यांच्या समोर बसून ऐकणं ठीक, पण बोलायचं असेल तर स्वतःचं लायसन हवं. आपल्याकडे दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हीला रेडिओची थिअरी आणि नियम यांचा पेपर असतो, जनरलला वर मॉर्स, मिनिटाला आठ शब्द. वय बारा वर्षं पूर्ण असलं की कोणीही देऊ शकतं. मला थिअरी जड गेली कारण मी कॉमर्सवाली, रेझोनन्स आणि मॉड्युलेशन हे शब्द दहावीनंतर पहिल्यांदा वाचत होते. मॉर्स मात्र मस्त जमलं कारण शिकवणारा माणूस तसा होता. काका डॉट-डॅश लिहून द्यायचेच नाहीत, कागद बाजूला ठेवायला लावायचे, तोंडाने डिडा डिडा म्हणून दाखवायचे आणि म्हणायचे की मोजू नकोस, चाल ओळख. लोकलमध्ये मी कानात मॉर्स लावून बसायचे, भांडुप ते मुलुंड अंतर केवढंसं, पण तेवढ्यात दोन अक्षरं पक्की व्हायची. दिवाळीनंतर परीक्षा झाली, मग कागदपत्रं, मग वाट बघणं, आणि फेब्रुवारीत व्हीयू२ ने सुरू होणारा माझा स्वतःचा कॉलसाइन आला. घरात कोणाचं तरी बारसं असल्यासारखे सगळे तो मोठ्याने म्हणून बघत होते.

थंडीत आकाश मोकळं झालं तेव्हा मुलीला स्टेशन शेवटी दिसलं, नैऋत्येकडून वर चढत गेलेला पांढरा ठिपका, विमानासारखा लुकलुकत नाही, एकसारखा चमकत जातो, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्येच मावळतो. तिने खूप वेळ हात हलवला.

३० जानेवारीच्या संध्याकाळी सुनीता आणि बुच विल्मोर स्पेसवॉकला बाहेर पडले. अशा वेळी स्टेशनवरचा हॅम रेडिओ बंद ठेवतात, बाहेर माणसं असताना अँटेनातून सिग्नल नको म्हणून. आम्ही त्या दिवशी काका-काकूंच्या हॉलमध्ये लाइव्ह बघत होतो. काम काय होतं माहितेय? खराब झालेला एक अँटेनाचा जुडगा ट्रसवरून, म्हणजे स्टेशनच्या बाहेरच्या सांगाड्यावरून, काढायचा, आधी दुसऱ्यांकडूनही ते काम राहून गेलेलं. काका पुढे सरकून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. बोल्ट सुटत नव्हता, त्या शांतपणे परत परत प्रयत्न करत होत्या, शेवटी तो जुडगा निघाला. पावसात मास्टवर चढून गंजलेला क्लॅम्प काढणं काकांनी किती वेळा केलं असेल, ते काहीच बोलले नाहीत, फक्त टाळी वाजवली. सुनीतांचा सगळ्या स्पेसवॉकचा मिळून वेळ त्या दिवशी ६२ तास ६ मिनिटं झाला, कुठल्याही महिलेपेक्षा जास्त. हा विक्रम ज्या मुक्कामात झाला त्याला आपण संकट म्हणून लक्षात ठेवलंय.

माझा पहिला कॉन्टॅक्ट फेब्रुवारीच्या शेवटी झाला, त्या अजून वर असतानाच. स्टेशनच्या कोलंबस मॉड्यूलमध्ये रेडिओ आहे, तो रिपीटर म्हणून चालतो, आपण १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन लावून बोलायचं, तो आपला आवाज ४३७.८०० वर परत खाली पाठवतो. वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते, वर येताना दहा किलोहर्ट्झ जास्त, जाताना दहा कमी, म्हणून ऐकताना पायरी पायरीने खाली यावं लागतं. आपली जागा सांगायची ती ग्रिडने, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाच्या नावाने, आणि मुंबईची गंमत अशी की १९ अंश अक्षांशाची रेघ वरळीच्या आसपासून जाते, त्यामुळे कुलाब्याचा माणूस एमके६८ मध्ये आणि आम्ही मुलुंडकर एमके६९ मध्ये. मी कॉलसाइन म्हटला, एमके सहा नऊ म्हटलं, बटण सोडलं, आणि केरळमधल्या एका हॅमने माझा कॉलसाइन अक्षर न् अक्षर बरोबर परत म्हटला. बस, एवढंच असतं, दहा मिनिटांत सगळ्यांना जागा द्यायची असते. पण माझा आवाज सुनीता जिथे तरंगत काम करतायत त्या खोल्यांमधल्या एका डब्यातून फिरून केरळात पोचला, हातातला वॉकीटॉकी फक्त पाच वॉटचा, आणि मी गच्चीवर टाकीला टेकून ढसाढसा रडले, ते सांगायला मला काही वाटत नाही.

१९ मार्चला पहाटे ३ वाजून २७ मिनिटांनी त्या फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरल्या, २८६ दिवस झाले होते. आम्ही सगळे जागे होतो, काकूसुद्धा. ड्रॅगनभोवती डॉल्फिन फिरत होते ते तुम्ही पाहिलंच असेल. उतरल्यावर दोघांनाही स्ट्रेचरवर घेतलं, यावरही नको तेवढी काळजीची चर्चा झाली, लांब मुक्कामानंतर तोल सांभाळायला वेळ लागतो म्हणून सगळ्यांनाच तसं घेतात. मुलगी म्हणाली, आता रेडिओवर कोण? तर बाकीचे आहेतच, २ नोव्हेंबर २००० पासून ते स्टेशन एक दिवससुद्धा रिकामं राहिलेलं नाही. २०२५ च्याच जूनमध्ये शुभांशू शुक्ला गेले, राकेश शर्मांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलेले दुसरे भारतीय आणि या स्टेशनवर पाऊल ठेवणारे पहिले, आणि ४ जुलैला त्यांनी हॅम रेडिओवरूनच बंगळुरूच्या यू. आर. राव सॅटेलाइट सेंटरमध्ये जमलेल्या मुलांशी गप्पा मारल्या. आपली मुलं आणि वर आपला माणूस, हे व्हायला किती वर्षं गेली.

हे स्टेशन २०३० नंतर खाली उतरवणार आहेत. आपलं भारतीय अंतरिक्ष स्टेशन २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलंय, आणि त्याच्या पहिल्याच मॉड्यूलमध्ये हॅम रेडिओ असावा असं मला मनापासून वाटतं, नंतर कधीतरी नको, पहिल्याच. सध्या काका आणि मी मुलीच्या शाळेतल्या सायन्सच्या बाईंना मदत करतोय. स्टेशनवरून अधूनमधून काही ठरावीक दिवस १४५.८०० वर चित्रं पाठवतात, पीडी१२० नावाच्या पद्धतीने, एका चित्राला दोन मिनिटं लागतात, ती आवाजाच्या रूपात येतात आणि फोनवर रोबोट३६ अ‍ॅप उघडून स्पीकरजवळ धरलं की ओळ ओळ करत चित्र उमटतं. शाळेच्या गच्चीचं दार मोठं आहे, बाईंनी मेजरिंग टेप आणून ठेवलीय, आणि काकांनी पहिल्याच दिवशी मुलांच्या हातात पॉलिश पेपर दिलेत.